‘आनाथी मोटी नहीं थाय’ आणि इतर पत्रं

आधी माझी चूक. गेल्या अंकात माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर ‘दहा लिटरला एक चमचा मीठ’ असं मी लिहून बसले. बडोद्याच्या वाघोडिया रोडवरच्या एका वाचकांनी विचारलंय, “ताई, कोणता चमचा? चहाचा की वाढायचा?” बरोबर विचारलंय. ज्या बाईनं सत्तावीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत ‘थोडंसं आम्ल’ लिहिलेल्या वह्या परत केल्या, तिनं चमच्यानं मोजावं! आमच्या ह्यांनी ते पत्र फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवलंय. तर, दर लिटरला २ ग्रॅम साधं मीठ. म्हणजे दहा लिटरला २० ग्रॅम. चहाच्या सपाट चमच्यात पाच-सहा ग्रॅमच बसतं, त्यामुळे माझ्या चमच्यानं माशांचं काही बिघडलं नसेल, पण आजाराचंही नसेल. योगायोगानं त्याच आजाराचं पत्र यंदा पहिलं निघालं.

उत्तरायणाचे दोन्ही दिवस सगळे गच्चीवर होतो, घराची दारं सताड उघडी. वासी उत्तरायण संपवून खाली आलो तर मॉलींच्या अंगावर रवा भुरभुरल्यासारखे ठिपके. निळं औषध घातलं, चार दिवसांत ठिपके गेले म्हणून बंद केलं. आठवड्यानं दुप्पट आले. औषध बनावट होतं का?
– एक वाचक, वारसिया

औषध बिचारं खरं असावं. तुम्ही ते बंद करायची घाई केलीत. तो ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली शिरलेला एक परजीवी. तिथे असेपर्यंत कुठलंही औषध त्याला शिवत नाही. खाऊन तट्ट फुगला की तो गळून तळाशी जातो, आपल्याभोवती कोष करतो आणि त्यातून शेकडो पिल्लं पोहत बाहेर पडतात, नवा मासा शोधत. औषध मारतं ते फक्त या पोहणाऱ्यांना. तुमचे ठिपके ‘गेले’ ते मेले म्हणून नाही, तळाशी बाळंतपणाला गेले.

पाणी थंड असेल तर हा फेरा आठवडे चालतो. २९–३० अंशांवर चार-पाच दिवसांत उरकतो, म्हणजे शत्रू लवकर उघड्यावर येतो. म्हणून हीटर लावा. लिटरला साधारण एक वॉट धरायचा, टँक पन्नास लिटरचा असेल तर ५० वॉटचा पुरे. तापमान दिवसाला एक-दोन अंशांनीच चढवा. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, तेव्हा हवेचा पंप चोवीस तास चालू ठेवा. मीठ वर सांगितल्याप्रमाणे, पण तीन वाटे करून, दोन दिवसांत. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही आणखी दहा दिवस हे सगळं चालू ठेवायचं. मीठ उडून जात नाही हे लक्षात असू द्या. पाणी आटलं तर वरून साधं पाणी घाला, आणि जेवढं पाणी काढून बदललंत तेवढ्यापुरतंच नवं मीठ टाका. लोच किंवा कॉरी जातीचे मासे असतील तर मिठाचं प्रमाण निम्मं. वनस्पती बादलीत काढून ठेवा. मासा नसलेल्या बादलीत तीन आठवडे गेले की त्या परजीवीला घर सापडत नाही आणि तो संपतो.

निळ्या औषधानं फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मरतात. म्हणून मी ते मुख्य टँकमध्ये कधी घालत नाही.

पुढच्या वर्षी गच्चीवर जाताना टँकच्या खोलीचं दार ओढून घ्या, पाणी गार पडायला नको.

आमचं लग्न डिसेंबरात झालं. आहेरात दोन फुटी टँक आला. चार गोल्डफिश, सहा गप्पी, दोन एंजल आणि दोन शार्क असे चौदा मासे आणले. दहा दिवसांत नऊ गेले. आम्ही स्वच्छतेत कुठे कमी पडत नाही. दर दोन दिवसांनी सगळं पाणी काढून दगड साबणानं आणि फिल्टर गरम पाण्यानं धुतो. दिवसातून चार वेळा खायला देतो. आता सासूबाई म्हणतात घरात अपशकुन नको, टँक देऊन टाका.
– नवीन संसार, रावपुरा

अपशकुन नाही, अमोनिया. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हे वाचून दाखवा.

मासा जे खातो त्यातला नत्राचा भाग तो अमोनियाच्या रूपात टाकतो, आणि बहुतेक सगळा कल्ल्यांतून, म्हणजे श्वासागणिक. तो जिथे राहतो तिथेच. नदीत तो वाहून जातो, काचेच्या पेटीत कुठे जाणार? तिथे दोन प्रकारचे जिवाणू कामाला येतात. एक अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषं, तिसरं बऱ्यापैकी निरुपद्रवी, वनस्पतींना तर खतच. हे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात. फिल्टरच्या स्पंजवर, दगडांवर, वाळूवर त्यांचा बुळबुळीत थर असतो. तोच थर तुम्ही दर दोन दिवसांनी साबणानं घासून काढताय. नव्या टँकमध्ये तो नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तुमच्याकडे त्याला अठ्ठेचाळीस तासांच्या वर आयुष्यच मिळालेलं नाही.

यावर उपाय घरातलाच आहे, विरजणाचा. ज्यांचा टँक वर्षभर नीट चाललाय अशा कुणाकडून फिल्टरचा मळका स्पंज मागून आणा, ओला असताना, डब्यात टँकचंच पाणी घेऊन. तुमच्या फिल्टरमध्ये तो ठेवून द्या. स्वच्छ दिसणारा नको, मळकाच हवा. चार-सहा आठवड्यांचं काम पुष्कळदा दहा-बारा दिवसांवर येतं. तोवर उरलेल्या पाच माशांसाठी दर दिवसाआड चौथा हिस्सा पाणी बदला. सगळं कधीच नाही. स्पंज धुवायचा तर महिन्यातून एकदा, टँकमधून काढलेल्याच पाण्यात दोनदा पिळून. साबणाचा हात तर टँकला लावूच नका.

आता माप. दोन फुटी टँक म्हणजे ६० बाय ३० सेंटीमीटर, पाणी २५ सेंटीमीटर उंच : ४५ लिटर. (हो, भरल्यावर दगडांसकट साठ किलोच्या वर जातो. आहेरातल्या त्या नाजूक टीपॉयवर ठेवू नका.) यात दोन गोल्डफिशसुद्धा वर्षभरानंतर दाटीनं राहतील, कारण तो वीतभर होणारा मासा आहे आणि दहा-पंधरा वर्षं जगतो. त्याला थंड पाणी आवडतं, एंजलला उबदार. एंजल मोठे झाले की गप्पींची पिल्लं गिळतात. आणि दुकानात शार्क म्हणून देतात तो पुढे हातभर होतो. तुमच्यापुढे दोन वाटा आहेत : गप्पी ठेवा आणि बाकीचे द्या, किंवा दोन गोल्डफिश ठेवून पुढे मोठा टँक घ्या. मी असते तर गप्पी ठेवले असते.

खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्यातून एक दिवस उपास. तो मात्र खरा, एकादशी आणि दुप्पट खाशीतला नको. आपल्या गावात तळ्यावर जाऊन पिठाच्या गोळ्या टाकणं पुण्याचं मानतात, लहानपणी आजोबांचं बोट धरून मीही टाकल्यात. पण तळ्याचा हिशेब पंचेचाळीस लिटरना लागू पडत नाही. न खाल्लेला प्रत्येक दाणा सडून पुन्हा अमोनियाच होतो.

नळाचं पाणी वास मारतं म्हणून मी फायटर माशाला आरओचं पाणी देतो. नातू म्हणतो चुकीचं आहे. कोण बरोबर?
– एक आजोबा, घडियाळी पोळ

तुम्ही माझ्याहून वडील, तरी नातवाच्या बाजूनं कौल द्यावा लागतोय. वास क्लोरीनचा आहे आणि तो काढायलाच हवा, पण आरओमध्ये क्लोरीनबरोबर क्षारही जातात. क्षार नसले की पाण्याची आम्लता सावरायला काही उरत नाही, ती एका रात्रीत घसरू शकते. फायटर तरी मऊ पाण्यात तग धरतो, गोल्डफिश, गप्पी, मॉली यांचे हाल होतात.

बडोद्याला आजवा तलावाचं आणि मही नदीतल्या फ्रेंच विहिरींचं पाणी येतं, ते माशांना चांगलं मानवतं. बादलीत चोवीस तास उघडं ठेवलं की साधा क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. फोटो धुणारे पूर्वी वापरत तेच, रसायनांच्या दुकानात मिळतं. १० ग्रॅम खडे १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा, दहा लिटरच्या बादलीला २ मिलिलिटर. इंजेक्शनची सुई नसलेली पिचकारी यासाठी उत्तम. तुमच्या गल्लीत बोअरचं जड पाणी येत असेल तर त्यात निम्मं आरओ मिसळायला हरकत नाही. पूर्ण आरओ नको, एवढंच.

आणि फायटरला तुम्ही कशात ठेवलंय ते लिहिलं नाहीत. लोणच्याच्या बरणीत नसेल अशी आशा. तो वर येऊन हवा गिळतो म्हणून कमी पाण्यात मरत नाही, पण दहा-पंधरा लिटर तरी त्याचा हक्क आहे.

काच साफ ठेवतो म्हणून तीन वर्षांपूर्वी दोन इंची ‘सकर’ आणला. आता चौदा इंच झालाय, रात्री गोल्डफिशच्या अंगाला चिकटतो, त्यांच्या कुशीवर जखमा आहेत. दुकानदार म्हणाला होता, “बेन, आनाथी मोटी नहीं थाय.” विश्वामित्रीत सोडून यावा का?
– एक वाचक, कारेलीबाग

‘याहून मोठी होत नाही.’ बडोद्याच्या मत्स्यबाजारातलं सर्वांत महाग पडणारं वाक्य. मला ते १९८० च्या सुमारास पहिल्यांदा ऐकवलं गेलं आणि मीही मानलं. सकर दक्षिण अमेरिकेतला, दीड फुटापर्यंत सहज जातो. लहानपणी शेवाळ खातो, मोठेपणी आळसावतो. गोल्डफिशच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला आयता मिळतो. टँक तो साफ करत नाहीच. इतर कुणाहीपेक्षा जास्त घाण त्याचीच असते.

नदीत मात्र सोडू नका. हे वाक्य मी दर दोन-तीन अंकांनी लिहिते आणि तरी दर महिन्याला हा प्रश्न येतो. हवा गिळून जगतो, अंगावर चिलखत, खाणारं कुणी नाही, अंडी घालायला काठात बिळं पाडतो त्यानं काठ ढासळतात. भारतातल्या अनेक नद्यांत आणि तलावांत तो घर करून बसलाय आणि कोळ्यांची जाळी फाडतोय. तो सगळा माल कुणाच्या तरी दिवाणखान्यातून, ‘बिचारा मोकळा होऊ दे’ म्हणूनच गेलेला आहे.

आजच करायचं ते असं : गोल्डफिश वेगळे काढा, त्यांच्या जखमांना मिठाचं पाणी पुरे. सकरला रात्री दिवा बंद केल्यावर दुधीची किंवा काकडीची जाड चकती दगड बांधून तळाशी द्या, सकाळी उरलेली काढा. टँकमध्ये लाकडाचा एक ओंडका ठेवा, तो खरवडत बसतो. मग पाच फुटी टँकवाला गिऱ्हाईक शोधा. दुकानं असे मोठे मासे पुष्कळदा परत घेतात, पैसे मागू नका म्हणजे झालं.

मुलीच्या वाढदिवसाला रुपयाएवढी दोन हिरवी कासवं आणली, डोळ्यामागे लाल पट्टा. एक गेलं. दुसरं आता तळहाताएवढं आहे, पाठ दाबली तर दबते, डोळे सुजून मिटलेत, पोळी-भात टाकला तरी खात नाही. टँक खिडकीत ऊन येईल असा ठेवलाय. सगळे सांगतात सूरसागर तलावात सोड, पुण्य लागेल. जाऊबाईंकडे पिवळ्या चांदण्यांचं कासव आहे, ते वर्षानुवर्षं पितळी परातीत पाण्यात ठेवतात, बरकतीसाठी. ते तर छान आहे.
– एक आई, मांजलपूर

हे पत्र मी दोनदा वाचलं. तुमचं आधी, जाऊबाईंचं नंतर.

तुमचं कासव अमेरिकेतलं, मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. रेड-इअर्ड स्लायडर म्हणतात. मादी असेल तर पाठ दहा-बारा इंचांची होते आणि नीट ठेवलं तर ते तीस वर्षंही जगतं. तुमची मुलगी आज किती वर्षांची आहे, त्यात तीस मिळवा.

पाठ मऊ आहे याचा अर्थ हाडांत चुना भरत नाहीये. कासवाला अन्नातला कॅल्शियम पचवायला ड जीवनसत्त्व लागतं आणि ते उन्हातल्या अतिनील किरणांनी अंगात बनतं. खिडकीत ठेवलंत ते मायेनं, पण काच ते किरण अडवते. कासवाला काचेतून मिळाली फक्त उष्णता. आणि काचेचा टँक थेट उन्हात ठेवला तर मे महिन्यात तासाभरात त्याचं कालवण होतं, तेही करू नका. करायचं असं : सकाळी आठच्या सुमारास प्लॅस्टिकच्या टबात, थोडं पाणी आणि अर्ध्या टबावर फळी टाकून सावली, गच्चीवर अर्धा तास. कुणीतरी शेजारी बसून, कारण घारी-कावळे असतात. रोज शक्य नसेल तर सरपटणाऱ्यांसाठीचा यूव्हीबी दिवा घ्या. तो उजेड देत राहतो पण किरण सहा महिने ते वर्षभरात संपतात, तेव्हा बसवल्याची तारीख खडूनं भिंतीवर लिहा. पाण्याबाहेर पूर्ण कोरडं होता येईल असा दगड हवाच, त्यावर साधा बल्ब, खाली ३० ते ३२ अंश. थंडीत पाणी वीस अंशांखाली गेलं तर ते खाणार नाही, मग पोळी असो की पुरणपोळी.

पोळी-भात बंद. कासवाच्या गोळ्या, थोडे गांडूळ किंवा ताजी कोळंबी (सुकट नव्हे), पाण्यातली पानं, किसलेलं गाजर. काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेनाचा तुकडा आणा, पाण्यात टाकून ठेवा, कुरतडेल. समुद्रफेन म्हणजे चुनाच. सुजलेले डोळे बहुधा अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचे, पण त्याचे थेंब घरी घालू नका, जास्त झाले तर कातडी सोलून निघते. या आठवड्यात पशुवैद्याकडे न्या, आणि आधी फोनवर विचारा की ते कासवं बघतात का. मुलीनं कासवाला हात लावला की साबणानं हात धुवायचे, टब स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचा नाही. कासवांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असतात. अमेरिकेनं १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली ती मुलं आजारी पडत होती म्हणून.

सूरसागर नाही. तिथे आणि विश्वामित्रीत आपली स्वतःची कासवं आहेत, ऊन खायच्या दगडापासून खाण्यापर्यंत सगळ्यात हे दांडगं पाहुणं त्यांना मागे सारतं.

आता जाऊबाई. ते चांदण्यांचं कासव कोरड्या माळरानावरचं आहे, गुजरात-राजस्थानच्या काटेरी रानातलं. त्याचे पाय बघा, हत्तीसारखे खांब. पोहता येत नाही. परातीत पाण्यात ठेवणं म्हणजे उंटाला होडीत बांधणं. आणि ते पाळणं गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते आहे, शिक्षा तीन ते सात वर्षं. कुठलंच देशी कासव घरात ठेवता येत नाही, पितळी परातीतही नाही आणि बरकतीसाठीही नाही. वनखात्याकडे ते सुपूर्द करायला सांगा. रागावतील. माझं नाव सांगा.

आजी, मी हॉस्टेलला राहतो, खोलीत एक फुटी टँक आहे. ऑनलाइन मागवलेलं ‘गवताचं कार्पेट’ पंधरा दिवसांत पिवळं होऊन कुजलं. सतराशे रुपये गेले. कमी खर्चात काय जगेल?
– विद्यार्थी, फतेहगंज

तुला ‘तू’च म्हणते, नातवाच्या वयाचा आहेस. सतराशेत तुझी मेस महिनाभर नाही तरी पंधरा दिवस चालली असती.

ते कार्पेट फोटोंत दिसतं तसं राहायला जोरदार दिवा, बाटलीतला कार्बन डायऑक्साइड आणि खतांची माती लागते. तुझ्याकडे ट्यूबलाइट आहे. तेव्हा आपल्या मातीतल्या मुलींकडे वळ. पहिली व्हॅलिस्नेरिया, रिबिनीसारखी लांब पानं. बारावीच्या पुस्तकात पाण्यावरून परागीभवन होणारी म्हणून पाठ केली असशील, तीच. तिला बडोद्याचं जड पाणी आवडतं आणि ती वाळूखालून धुमारे काढत पसरते. दुसरी हायड्रिला. आमच्या प्रयोगशाळेत दर जुलैला मी ती आणायचे. काचेच्या चंचुपात्रात हायड्रिला, वर उलटं नरसाळं, त्यावर पाण्यानं भरलेली परीक्षानळी, आणि सगळं खिडकीत. पंधरा मिनिटांत बुडबुड्यांची माळ सुरू झाली की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे यायची. बुडबुडे मोजता मोजता एकदा एका मुलीनं विचारलं होतं, “बाई, रात्री ही काय करते?” फार चांगला प्रश्न. रात्री ती तुझ्या माशांबरोबर प्राणवायू घेते. म्हणून वनस्पती गच्च असतील तर रात्री हवेचा पंप चालू ठेव.

हायड्रिला वाढते मात्र भूतासारखी. टँकच्या व्यापारातूनच ती फ्लोरिडात गेली आणि १९५० नंतर तिथली तळी तिनं बुजवून टाकली. छाटलेलं कुंडीत टाक, गटारात नको. जलपर्णी तर आणूच नकोस. विश्वामित्रीचं काय झालंय ते पुलावरून दिसतं.

तिसरी जावा फर्न किंवा आफ्रिकेतून आलेली अनुबियास, मंद उजेडात जगणारी. हिचं आडवं खोड वाळूत पुरलं की कुजतं, दगडाला दोऱ्यानं बांधायचं. क्रिप्टोकोरीन आणलीस तर पहिल्या दोन आठवड्यांत तिची सगळी पानं विरघळतील, उपटून फेकू नकोस, मुळातून परत येते. दिवा सहा ते आठ तास, त्याहून जास्त नाही. अभ्यासाला रात्रभर दिवा लागतो तो टेबलाचा लाव. शेवाळ येतं ते बहुतेक जास्त उजेडामुळेच.

२०२४ च्या ऑगस्टात आमच्याकडे तीन दिवस वीज नव्हती, खाली कमरेएवढं पाणी. सगळे मासे गेले. यंदा पावसाळ्याआधी काय तयारी करू?
– एक वाचक, समा

त्या पुरात विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली होती, अंगणांत मगरी निघाल्या. तुम्ही माशांचं विचारताय याचंच मला कौतुक वाटलं.

मी ही शिकवणी २०१९ ला घेतली. ३१ जुलैला एका दिवसात जवळजवळ वीस इंच पाऊस पडला, वीज गेली ती दीड दिवसानं आली. मासे तोवर जिवंत होते. आनंदानं मी बंद डब्याचा फिल्टर सुरू केला आणि त्यातून काळं, सडक्या अंड्याच्या वासाचं पाणी भसकन टँकमध्ये आलं. प्राणवायूशिवाय आतले जिवाणू मेले होते आणि डबा नासला होता. संध्याकाळपर्यंत सात लोच गेले, त्यांतला एक नऊ वर्षांचा. पुरानं नाही, मी मारले.

म्हणून : वीज जाऊन दोन तास झाले की फिल्टरचा डबा उघडा, स्पंज काढून टँकमध्येच तरंगू द्या. वीज आली की डबा आधी धुवा, मग स्पंज परत. खाणं पूर्ण बंद, मोठा मासा आठवडाभर सहज उपाशी राहतो. सेलवर चालणारा हवेचा पंप दोन-तीनशे रुपयांत मिळतो, तो आणि सेलची दोन पाकिटं जूनमध्येच घेऊन ठेवा. पूर आल्यावर मंगळबाजारात कुणी दुकान उघडून बसलेलं नसतं. पंपही नसेल तर तपेली. टँकमधलंच पाणी तपेलीत घेऊन हातभर उंचीवरून धार सोडायची, दर अर्ध्या तासानं वीस वेळा. २०२४ ला आम्ही दोघांनी रात्री पाळ्या लावल्या. आमचे हे, ज्यांना माशांचं काडीचं वेड नाही, पहाटे तीनला तपेली घेऊन उभे होते आणि मोजत होते, “सतरा, अठरा…” एकही मासा गेला नाही.

खालच्या मजल्यावर राहत असाल तर पावसाळ्याआधीच मासे कमी करा. आणि पुराचं पाणी टँकमध्ये शिरलं असेल तर त्यातलं काहीही वाचवायला हात घालू नका, आधी पाण्यात काय आहे ते बघा. ही थट्टा नाही, बडोदेकरांना सांगायला नको.

सोळा वर्षांचा मुलगा बॉल पायथन हवा म्हणून हटून बसलाय. विषारी नसतो म्हणतो.
– एक वडील, अलकापुरी

विषारी नसतो हे खरं. पश्चिम आफ्रिकेतला शांत साप. पण वीस-तीस वर्षं जगतो, तेव्हा मुलगा कॅनडाला गेला की सापाला उंदीर तुम्ही द्याल. ते गोठवलेले उंदीर तुमच्याच फ्रीजमध्ये, मटाराशेजारी. सौभाग्यवतींना विचारलंत का? शिवाय २०२२ च्या दुरुस्तीनंतर आंतरराष्ट्रीय यादीतल्या अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी बंधनकारक आहे. कागद न देता विकणाऱ्याकडून घेतलात तर अडकाल तुम्ही, तो नाही. देशी सापाचं नावच नको : अजगर, धामण, मांडूळ, काहीही घरात ठेवता येत नाही.

मुलाला जानेवारीच्या उन्हात कमाटीबागेजवळच्या पुलावर न्या. काठावर मगर ऊन खात पडलेली असते. शहराच्या मधोमध, फुकट. दोन तास हलत नाही. त्याला तेवढा वेळ बघत उभं राहता आलं, तर मला पुन्हा लिहा, मग सापाचं बोलू.

घरामागे पार्टी प्लॉट आहे. लग्नसराईत डीजे लागला की गोल्डफिश काचेवर आपटतात. माशांना कान असतात का?
– एक वाचक, गोत्री

बाहेरून दिसत नाहीत, आत असतात. गोल्डफिश आणि त्याच्या भाऊबंदांमध्ये तर पोटातल्या हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, म्हणजे पिशवी ढोलकीसारखी थरथरते आणि त्याला आपल्या अंदाजापेक्षा पुष्कळ चांगलं ऐकू येतं. टँक पार्टी प्लॉटकडच्या भिंतीपासून काढून आतल्या खोलीत न्या, खाली थर्माकोलची जाड पाटी घाला, वरात यायच्या वेळी टँकवर चादर टाका आणि दिवा बंद ठेवा. काचेवर आपटून खवले निघाले असतील तर मिठाचं पाणी. लिटरला २ ग्रॅम, काट्यावर मोजून.